आत्याची भाषा ऐच्छिक

दिवसभर लोकांचं रक्त काढणाऱ्या आणि लघवीच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवणाऱ्या बाईला कशाची म्हणून किळस येत नाही, असा लोकांचा समज असतो. भिंगरीच्या आईचा स्वतःचाही होता. हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या लॅबमध्ये तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. कोणाचं रक्त बाहीवर उडालं, कोणी सुई बघूनच तिच्या चपलांवर ओकलं, तरी ती शांतपणे हातमोजे बदलायची आणि म्हणायची, "चला, पुढचं कोण?" संध्याकाळी घरी येऊन पोटभर जेवायची. पण घरच्या जेवणाच्या टेबलावर, समोर स्वच्छ ताट असताना माणसाला शिसारी येऊ शकते, हे तिला पोरीने अकरावीचे विषय निवडायला घेतले तेव्हा कळलं.

पोरीला भिंगरी म्हणायचे, कारण लहानपणी ती एका जागी बसली तर ताप आहे का बघावं लागे. आता ती तासन्‌तास बसायची, लॅपटॉपसमोर, पाठीला पोक काढून. त्याचं तिच्या बाबांना कौतुक होतं. बाबा लिफ्टच्या कंपनीत होते. लिफ्ट बसवणारे नव्हेत, बसवलेल्या लिफ्टच्या देखभालीची कंत्राटं विकणारे. एकुलती एक मुलगी मोठ्या कॉलेजात गेली पाहिजे, अशा कॉलेजात की ज्याचं नाव घेतलं की समोरचा क्षणभर गप्प होतो, एवढं त्यांचं एकच मागणं होतं. आणि त्या कॉलेजांच्या दाराची किल्ली म्हणे अ‍ॅडव्हान्स्ड विषयांत होती.

आता ही अ‍ॅडव्हान्स्डची भानगड काय ते ऐका. शाळेत विषय दोन तऱ्हेचे, साधे आणि अ‍ॅडव्हान्स्ड. अ‍ॅडव्हान्स्ड विषयात पैकीच्या पैकी मिळाले तर ते पाच धरायचे. साध्या विषयात पैकीच्या पैकी मिळाले तरी चारच. म्हणजे पोरीने साधा विषय घेतला, जीव ओतून केला, एकही चूक केली नाही, तरी तिची सरासरी खाली येणार. नापास झाल्यावर सरासरी उतरते हे कुणालाही समजेल. पैकीच्या पैकी मिळवून उतरते, ही अक्कल कुठल्या शहाण्याच्या डोक्यातून निघाली देव जाणे. पण सगळ्या शाळेतले आईबाप मान खाली घालून तिच्या तालावर नाचत होते.

त्या संध्याकाळी बाबांनी लॅपटॉप टेबलावर आडवा ठेवला आणि पडद्यावर बोट टेकवलं. पाच विषय अ‍ॅडव्हान्स्ड होते. सहावा नव्हता.

"हे काय आहे?"

"साइन लँग्वेज," भिंगरी म्हणाली.

"ते मला वाचता येतं. हे इथे काय करतंय?"

"मला शिकायचीय. आत्याशी बोलायला."

"आत्याशी बोलतेसच की तू."

"मी तिला चहा हवाय का विचारते, बाबा. त्याला काय बोलणं म्हणतात?"

ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं त्या आत्या समोरच बसून सूप पीत होत्या. बाबांची थोरली बहीण. जन्मापासून ऐकू येत नाही. एका छापखान्यात बायंडिंगच्या खात्यात त्यांनी नोकरी केली. तिथल्या घडी घालायच्या यंत्राचा खडखडाट एवढा, की बाकीचे कानात बोळे घालून बसायचे आणि ह्या एकट्या निवांत. निवृत्त झाल्यावर भावाकडे राहायला आल्या. भिंगरीची आई त्यांना वन्सं म्हणायची, पण मनातल्या मनात. मोठ्याने म्हणून ऐकणार कोण?

घरात त्यांच्यासाठी खुणा होत्या. तोंडाशी पाच बोटं नेली की जेवण. मूठ उलटी केली की चहा. डोक्यावर हात फिरवला की अंघोळ. मनगट पिरगाळलं की किल्ली. दोन तळवे एकमेकांवर टेकवले की दार लाव. बाबा आणि त्यांची ताई लहान असताना त्यांच्या आईने ह्या खुणा केल्या होत्या, आणि पुढे कोणी त्यांत भर घातली नाही. त्यापलीकडचं काही असेल तर मोबाइलवर टाइप करून दाखवायचं. "उद्या उशीर." "डॉक्टर दहाला." वन्संना लिहिता-वाचता येत होतं, पण लिहिणं ही त्यांना ऑफिसातली गोष्ट वाटायची. त्यांची स्वतःची भाषा हातांची होती. मूकबधिरांच्या निवासी शाळेत शिकलेली, पूर्ण, व्याकरणासकट. त्या भाषेतलं ह्या घरात कोणाला ओ की ठो कळत नव्हतं. सख्ख्या भावालाही नाही. त्याला विचारलं तर म्हणायचा, "आमचं नजरेने कळतं एकमेकांना." कळत कसलं होतं, डोंबल.

भिंगरीला ही भाषा शिकायची का होती, त्याला एक कारण घडलं होतं. मागल्या हिवाळ्यात आत्याचं गुडघ्याचं दुखणं होतं, म्हणून भिंगरी तिची पिशवी धरून तिच्या शाळेच्या जुन्या मैत्रिणींच्या भेटीला गेली. परत आली ती डोळे मोठे करून.

"आई, आत्या भयंकर विनोदी आहे."

"कोण, वन्सं?"

"ती उभी राहिली, हात हलवायला लागली आणि अख्खी खोली हसून लोटपोट. एक आजोबा खुर्चीवरून पडता पडता राहिले. मला एक अक्षर कळलं नाही. मी आपली वेड्यासारखी हसत बसले."

ज्या बाईसोबत आपण इतकी वर्षं एका मोरीत भांडी विसळली ती विनोदी आहे, हे भिंगरीच्या आईला ठाऊकच नव्हतं.

त्याच मैत्रिणी ज्या वसाहतीत राहत होत्या तिथे वन्संना एक खोली मिळत होती. त्यांनी भावाला मोबाइलवर तसं दाखवलंही होतं. "तिथे बोलायला माणसं आहेत." एवढंच एक वाक्य. भावाला वाईट वाटलं, म्हणजे लोक काय म्हणतील याचं. पण खरी कळवळली ती भिंगरी. तिने आत्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि टाइप केलं, "एक वर्ष थांब. मी शाळेत तुझी भाषा घेणार आहे. मग आपण बोलू." वन्संनी ते कितीतरी वेळ वाचलं. मग त्यांनी खोली दुसऱ्या कुणाला द्यायला कळवलं. थांबल्या.

आणि आता त्याच भाषेवर बाबांचं बोट टेकलेलं होतं.

"सल्लागार बाईंना विचारू," ते म्हणाले.

सल्लागार बाई म्हणजे प्रवेशाच्या गुरू. त्यांचं ऑफिस एका दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर होतं आणि खालच्या यंत्राची घरघर अधूनमधून ऐकू यायची. पांढऱ्या भिंती, पांढरं टेबल, भिंतीवर बड्या कॉलेजांची बोधचिन्हं ओळीने. बाईंचा आवाज मधाळ. एवढा की भिंगरीच्या आईला वाटलं, ह्यांच्या रक्तात साखर तपासायला पाहिजे.

"भिंगरी बेटा, तुझा आलेख इतका सुंदर चाललाय," बाई म्हणाल्या. "मध्येच हा साधा विषय का? कॉलेजवाल्यांना काय दिसेल सांग. मुलगी दमली. मुलीने पळवाट काढली."

"पण ती अवघड भाषा आहे," भिंगरी म्हणाली.

"असेल. आपल्या शाळेत ती साधी आहे. त्याऐवजी अ‍ॅडव्हान्स्ड संख्याशास्त्र घे."

"मला संख्याशास्त्र नकोय. मला माझ्या आत्याशी बोलायचंय. तिला ऐकू येत नाही. मी तिला शब्द दिलाय."

बाईंचं पेन थांबलं. चेहऱ्यावर असा उजेड पडला, जसा भिंगरीच्या आईने लॅबमध्ये नवशिक्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावर बघितला होता, एखादा दुर्मिळ रोग सापडल्यावर.

"आत्या बहिरी आहे? घरातच असते?" बाई पुढे सरकल्या. "अहो, हे आधी सांगायचं ना. हे तर प्रवेशअर्जाच्या निबंधाचं सोनं आहे."

"म्हणजे विषय ठेवू?"

"नाही गं. विषय काढायचा, गोष्ट ठेवायची. संख्याशास्त्र सरासरीत, आत्या निबंधात. दोन्हीकडून फायदा."

बाबांनी मान डोलावली. भिंगरीच्या आईच्या घशाशी काहीतरी आंबट आलं. माणसाला सोलून त्याचं कातडं एका बरणीत आणि मांस दुसऱ्या बरणीत भरायचा प्रकार, आणि वर बाई विचारतायत, कॉफी घेणार का. घेतली तिने कॉफी. नाही कुठे म्हणाली? नाही म्हणायची जागा तीच होती, आणि ती कपात साखर ढवळत बसली.

घरी भिंगरी दोन दिवस जेवली नाही, मग जेवली. बाबा रागावले नाहीत, ते तर आणखी वाईट. समजुतीने बोलायचे. "फक्त कागदावरून काढतोय गं. आत्या काय पळून जातेय? सुट्टीत शीक, इंटरनेटवर शीक, कोण अडवतंय? हा एक विषय आणि तुझी सगळी मेहनत मातीत. उद्या मलाच म्हणशील, बाबा, तेव्हा का नाही थांबवलंत?" पोरगी शेवटी लॅपटॉप बाबांपुढे सरकवून उठून गेली.

विषय बदलायला आईबाप दोघांची संमती लागायची, मोबाइलवर. ती सूचना आली तेव्हा भिंगरीची आई एका म्हाताऱ्याची शीर शोधत होती. त्याचा दंड काडीसारखा, शीर बोटाखालून निसटत होती. मोबाइल खिशात थरथरत राहिला. नवऱ्याचा फोन. "आजची शेवटची तारीख आहे. तू अडवून धरू नकोस. पोरीचं वाटोळं झालं तर तुला झोप लागेल का?" तिने डाव्या हातातला मोजा काढला, 'संमती आहे'वर बोट ठेवलं, नवा मोजा चढवला. मग म्हाताऱ्याला म्हणाली, "जरा टोचेल हं." तिला स्वतःचीच घाण वाटली, पण शीर सापडली.

वर्ष सुरू झालं. पहिल्या आठवड्यात भिंगरी शाळेतून आल्या आल्या वन्संनी तिच्यासमोर दोन्ही हात धरले आणि भुवया उंचावल्या. आज काय शिकलीस, असं. भिंगरीने इंटरनेटवर बघून पाठ केलेली बोटांची मुळाक्षरं दाखवली. वन्संनी तिची करंगळी सरळ केली, अंगठा आत दुमडला, आणि तिच्या कपाळावर ओठ टेकवले. असं काही दिवस चाललं. मग संख्याशास्त्राचा अभ्यास आला, रसायनाचे प्रयोग आले, इतिहासाची जाडजूड पुस्तकं आली. आत्या हात धरून उभी राहिली की भिंगरी घड्याळ दाखवायची. पुढे पुढे ती मागच्या जिन्याच्या दाराने घरात यायला लागली. पाप त्या पोरीने केलं नव्हतं, पण तोंड तीच लपवत होती.

वन्संनी एकदा मोबाइलवर विचारलं, "शाळेत शिकवत नाहीत?" भिंगरीने लिहिलं, "पुढच्या सत्रात." लिहून झाल्यावर ती बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. तिच्या आईने बाहेरून ऐकलं आणि दारावर टकटक केली नाही.

बारावीच्या सुरुवातीला सल्लागार बाईंनी बोलावणं पाठवलं. निबंध तयार होता. भिंगरीने लिहिलेला नव्हे, भिंगरीच्या मसुद्यावर बाईंनी 'हात फिरवलेला'. त्यात रोज संध्याकाळी एक मुलगी आणि तिची बहिरी आत्या खिडकीत बसतात आणि हातांनी गप्पा मारतात. आत्या तिला बालपणीच्या गोष्टी सांगते. मुलीला शांततेचा अर्थ उमगतो.

"हे खोटं आहे," भिंगरी म्हणाली.

"हे भावनेने खरं आहे," बाई म्हणाल्या. "आणि आता एक छोटा व्हिडिओ जोडायचाय. निबंध काय, सगळेच लिहितात. तू आत्याशी बोलताना दिसलीस की वाचणारा हलला पाहिजे. दोन मिनिटं, बस. मी एक मुलगा पाठवते, तो तुझ्याकडून पाठ करून घेईल."

म्हणजे भाषा शिकायला वर्षभर वेळ नव्हता, भाषा येते असं दाखवायला मात्र शिकवणी लागली. भिंगरी ऑफिसातल्या पांढऱ्या खोलीत जाऊन दोन मिनिटांचे हात पाठ करायला लागली, नाचाच्या स्टेप करतात तसे. तो शिकवणारा तरुण साधा होता. त्याचे आईवडील दोघेही मूकबधिर, म्हणून ही भाषा त्याची घरचीच. त्याला सांगितलं होतं, एका स्पर्धेचं भाषण आहे.

आणि ह्या सगळ्या हुशार मंडळींना, इतकी सरासरी मोजणाऱ्या, इतक्या कॉलेजांची नस जाणणाऱ्या मंडळींना, एक गोष्ट सुचली नाही. हे भाषण ते घरातल्या एकुलत्या एका अशा माणसासमोर करणार होते, ज्याला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत समजणार होतं. वन्संच्या देखत, वन्संच्या डोक्यावरून बोलायची ह्या घराला इतकी सवय झाली होती की ही भाषा त्यांची आहे हेच सगळे विसरले. भिंगरीची आईसुद्धा.

रविवारी दुपारी तो तरुण घरी आला. दार वन्संनी उघडलं. त्याने सहज हाताने नमस्कार केला, काहीतरी विचारलं, आणि वन्संचे हात जे सुटले ते सुटलेच. भिंगरीची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. ही बाई तिने आजवर पाहिली नव्हती. खांदे, भुवया, गाल, सगळं बोलत होतं. तो मुलगा खो खो हसला. मग त्याने भिंगरीकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं आणि वन्संनी गर्रकन वळून भाचीकडे बघितलं. इतका आनंद त्या चेहऱ्यावर.

"काय सांगितलंस रे त्यांना?" आईने विचारलं.

"मी म्हटलं, मी हिला शिकवतोय. त्यांना माहीत नव्हतं का?"

वन्सं आत गेल्या आणि निळा कोट घालून आल्या. केस ओले करून बसवलेले. बाबा खूश झाले. "वा, ताई तर तयारच झाली. निळा कॅमेऱ्यात छान येतो."

खिडकीजवळ दोन खुर्च्या मांडल्या. बाबांनी पडदा सरकवला, मोबाइल तिपाईवर चढवला, सल्लागार बाईंना दुसऱ्या मोबाइलवरून बघायला लावलं. भिंगरीचे ओठ पांढरे पडले होते. आईने रोज असे चेहरे पाहिलेले, सुई टोचण्याआधी. अशा माणसाला ती लगेच आडवं करायची आणि म्हणायची, आज राहू द्या. इथे ती काहीच बोलली नाही.

भिंगरीने हात उचलले.

पहिली काही वाक्यं वन्सं मान डोलावत बघत होत्या, पोर चालायला लागली की आई बघते तशा. मग त्यांची मान डोलायची थांबली. त्यांनी खिडकीकडे बघितलं, खुर्च्यांकडे बघितलं, तिपाईकडे बघितलं. भिंगरीचे हात चालूच होते. शेवटचं वाक्य झालं आणि ते मांडीवर पडले.

वन्संनी उत्तर दिलं. लांब नाही, सावकाश, लहान मुलाशी बोलतात तसं, एकेक हात स्पष्ट. डोळे भरले होते, पण हात कुठे अडखळले नाहीत.

"अप्रतिम," मोबाइलमधून सल्लागार बाईंचा आवाज आला. "किती नैसर्गिक आहेत हो त्या. हे अश्रू खरे आहेत, हे कोणालाही कळेल. चित्राखाली त्यांचं उत्तर लिहून घ्या फक्त."

"काय म्हणाली ताई?" बाबांनी तरुणाला विचारलं.

तो भिंतीला टेकून उभा होता. त्याने आधी भिंगरीकडे बघितलं.

"त्या म्हणाल्या, बाळ, तू फार छान बोललीस. पण आपण कधी खिडकीत बसलो नाही. मी तुला माझ्या बालपणाची एकही गोष्ट सांगितली नाही. सांगितली असती तर मला आवडलं असतं. तुझे हात शिकलेत, तू नाही शिकलीस. मी तुझ्यासाठी थांबले होते." त्याने वन्संकडे बघितलं. "आणि म्हणाल्या, आता मी माझ्या मैत्रिणींकडे जाते."

बाबा खाली बसले. एक क्षण, अगदी एकच क्षण, भिंगरीच्या आईला वाटलं की हा माणूस आता उठून बहिणीचे पाय धरेल. इतकी वर्षं संसार केला होता तिने त्याच्याशी, तेवढी आशा राहणारच. पण मोबाइलमधून मधाळ आवाज आला.

"हे बघा, असं अक्षरशः लिहायची गरज नाही. कॉलेजमध्ये कोण ही भाषा तपासत बसणार? लिहा, 'बाळ, तू माझा आवाज झालीस. मला तुझा अभिमान आहे.' चेहऱ्याला अगदी शोभेल."

"हो," बाबा म्हणाले. "तसं लिहू." आणि तरुणाकडे वळून, "तू घालशील ना खाली?"

"मी नाही घालणार," तो म्हणाला आणि बूट घालायला लागला.

"राहू दे, मला येतं," बाबा म्हणाले.

भिंगरीची आई उठली. मोरीपाशी गेली आणि खरोखर ओकली. सकाळचं सगळं पडलं. लॅबमधल्या कुठल्याही बाटलीने जे केलं नव्हतं ते एका वाक्याने केलं, आणि तेही अभिमानाच्या.

ती तोंड पुसून परत आली तेव्हा भिंगरी आत्यासमोर गुडघ्यांवर बसली होती. तिचे हात हवेत होते आणि काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. तिला येत होतं ते फक्त ते भाषण. तिने त्यातलंच एक वाक्य पुन्हा केलं, मग दुसरं, मग थांबली. दारातल्या तरुणाकडे वळून रडत रडत विचारलं, "'चुकले' कसं म्हणतात?" त्याने एक बूट हातात धरून तिला दाखवलं. मूठ छातीवर, गोल फिरवायची. भिंगरीने आत्यासमोर तसं केलं, परत परत केलं. वन्संनी तिची मूठ धरली आणि तिचा अंगठा नीट केला, वर्षापूर्वी केला होता तसा. मग हात सोडला.

"तो व्हिडिओ पाठवू नका," भिंगरी बाबांना म्हणाली.

"बरं, बघू," बाबा म्हणाले. त्या आठवड्यात व्हिडिओ गेला. निबंधासोबत, खाली पांढऱ्या अक्षरांत अभिमान घालून.

वसाहतीत खोली मिळायला फार दिवस लागले नाहीत. सल्लागार बाईंना कुठून तरी कळलं, त्यांचा भिंगरीच्या आईला फोन आला. आत्या जाताहेत तर निबंधाला एक शेवटचा परिच्छेद जोडता येईल, विरहाचा, अजून मुदत आहे. भिंगरीच्या आईच्या हातात तेव्हा एका परक्या माणसाच्या थुंकीची डबी होती. तिने फोन ठेवला आणि त्या डबीवर लेबल लावलं. तुलनेने ती डबी फारच स्वच्छ होती.

जायच्या दिवशी बाबा कंत्राटाच्या कामाला गेले होते. ते काम दुसऱ्या दिवशीही झालं असतं. वन्संचं सामान थोडकंच होतं, एक पेटी, निळा कोट आणि बायंडिंगची हाडाची पट्टी, कागदाची घडी दाबायची. खाली गाडी उभी होती. भिंगरी पेटी घेऊन पुढे उतरली. तिने कुठूनतरी हातांच्या भाषेची चित्रं असलेली एक जाडी वही पैदा केली होती आणि ती काखेत धरली होती. आत्याने ती बघितली, पण हात लावला नाही.

दारात नणंद-भावजया दोघीच उरल्या. भिंगरीच्या आईने हात उचलले आणि तिला येत होत्या तेवढ्या खुणा मनात फिरवून पाहिल्या. जेवण. चहा. अंघोळ. किल्ली. इतक्या वर्षांचा संसार, आणि निरोपाला लागेल असं त्यांत काही नव्हतं. तिने मोबाइल काढला, "वन्सं, मी संमती दिली होती" असं टाइप करून पुढे धरलं. वन्संनी चष्मा वर करून वाचलं, मान हलवली. त्यांना ते माहीत असावं. त्यांनी मोबाइल परत तिच्या हातात दिला, तिच्या गालावरून हात फिरवला आणि जिना उतरायला लागल्या, एका हाताने कठडा धरून, गुडघा सांभाळत.

भिंगरीची आई दार धरून उभीच राहिली. खालच्या वळणावर पोचल्यावर वन्संनी वर बघितलं. कठडा सोडला, दोन तळवे एकमेकांवर टेकवले आणि तिला समजेल त्या भाषेत सांगितलं, दार लाव.